बटणाची ट्रायल

११ जानेवारी

काज्या,

तुझ्या उजव्या कानाने राजीनामा दिल्यापासून फोनमध्ये राम राहिला नाही. मागच्या खेपेला मी ‘बरा आहे’ म्हणालो, तर तू ‘बाहेर कुठे?’ असं विचारलंस आणि पुढची पाच मिनिटं मी कुठे गेलोय याचीच चर्चा झाली. तेव्हा पुन्हा कागद आणि पेन. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलंय, तेवढं चालवून घे.

दुकान ठीक. थंडीमुळे कोटांची कामं बरीच आहेत. पोटात गाठ होती ती काढली, हे तुला सांगितलं होतंच. जखम छान भरून आली. आतले टाके म्हणे आपोआप विरघळतात. मी सर्जनना म्हणालो, आमच्या धंद्यात टाका विरघळला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं.

आता खरी बातमी. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात एका ट्रायलसाठी माझी निवड झाली आहे. सगळ्यांना घेत नाहीत. आधी नीट पारखतात, मग एक जाडजूड करार हातात देतात आणि घरी नेऊन सावकाश वाचा, पटलं तरच सही करा म्हणतात. मी वाचला, तुझ्या वहिनीने दोनदा वाचला, आणि दिली सही ठोकून. दर तीन आठवड्यांनी जायचं, उन्हाळ्यापर्यंत चालेल. तिथल्या डॉक्टरीणबाई जातीने लक्ष घालतात. मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या असतील, पण काटेकोरपणात थेट आपले शिवणाचे मास्तर.

हातकाजं हल्ली करत नाही, मशीनवर करून घेतो. ओरडू नकोस.

तुझा,
बटण

२० जानेवारी

बटणराव,

अभिनंदन. पत्र वाचल्या वाचल्या मी सगळ्या कपडेपटाला बातमी सांगितली. इथे आमच्या नाटक कंपनीत मी सकाळपासून रात्रीपर्यंत पडद्याच्या कापडातून राजे घडवतो, प्रयोग संपला की ते पुन्हा खुंटीला. आणि तू बघ! गल्लीतल्या लोकांचे कोट शिवता शिवता थेट हॉस्पिटल गाठलंस. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांचं काम म्हणजे शेकड्यांनी नग. कुठे बोलला नाहीस, आतल्या गाठीचा माणूस तू पहिल्यापासूनच.

पार्सलने कागदी नमुने पाठवतोय. एक बाईमाणसाचा, एक पुरुषाचा आणि एक ढेरपोट्याचा, कारण डॉक्टरांनाही पोट असतं. तीन गोष्टी लक्षात ठेव. डॉक्टर दिवसभर रोग्यावर वाकतो, तेव्हा पाठीत दोन बोटं सैल ठेव. खिसा खोल घे. आणि त्या बाई इतक्या काटेकोर आहेत तर ट्रायलला अर्धवट शिवलेला कोट त्यांच्या अंगावर चढवलास की आधी हात वर करायला लाव. बगलेशी मुंढ्यात ओढ आली तर तिथल्या तिथे टाचणी. गिऱ्हाइकाने ‘ठीक आहे’ म्हटलं तरी ऐकायचं नाही.

आता भांडण. मशीनची काजं? मास्तरांनी मला काज्या आणि तुला बटण ही नावं ठेवली ती काय दोन मशीन आणून बसवण्यासाठी? बोटांना काय धाड भरलीये तुझ्या? पांढऱ्या कोटांची काजं मी हाताने करणार. अर्धे कोट इकडे पाठव. नाही म्हणालास तर तिकडे येऊन दुकानाच्या दारात बसेन.

काज्या

२ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

पार्सल मिळालं. तुमचे नमुने आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले आहेत, ढेरपोट्या सगळ्यांत वर आहे आणि हे त्याच्याकडे बघून मघापासून हसताहेत. असं हसू या घरात नोव्हेंबरनंतर ऐकलं नव्हतं. म्हणून आधी तुमचे आभार मानते आणि मग खरं काय ते सांगते.

ट्रायल कोटाची नाही, भाऊजी. यांची आहे. आतड्यातून काढलेली ती गाठ कॅन्सरची होती. सर्जननी ती पूर्ण काढली, पण मागे काही लपून राहिलं असेल तर ते मरावं म्हणून डिसेंबरपासून सलाइनमधून औषध चालू आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद होती. ढेरपोट्या घरात आल्यापासून ती ताकीद मी रद्द समजते.

औषध गुणी आहे, पण त्याची एक खोड आहे. थंड वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात, गार पाणी घशात टोचतं. दुकानातली लोखंडी कात्री तर यांना हातात धरवेना, म्हणून मी तिच्या मुठींना जुन्या स्वेटरची लोकर गुंडाळून दिली. तेवढं काही दिवसांत ओसरतं. मात्र डोस वाढत जातात तशी बोटांची टोकं बधिर होत जातात आणि काही जणांची कायमची तशीच राहतात. सुई चिमटीत आहे की पडली, हे यांना हल्ली बघून ठरवावं लागतं. हातकाजं सुटली ती त्यामुळे.

ट्रायल याच गोष्टीसाठी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा वर्गात सांगते तसंच सांगते. कॅन्सर शरीरात कुठे उरला असेल तर त्याचे फार फार बारीक अंश रक्तात येतात. पूर्वी ते सापडायचे नाहीत, म्हणून सगळ्यांनाच सरसकट भरपूर औषध द्यायचे. आता ते शोधणारी रक्ताची तपासणी निघाली आहे. यांचं रक्त स्वच्छ आलं. मग अशा माणसाला पूर्ण औषध द्यावं, की अर्ध्यावर थांबवून नुसतं रक्तावर लक्ष ठेवावं? हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून काही जणांना पूर्ण देतात आणि काही जणांचं अर्ध्यावर थांबवतात. कोण कुठल्या गटात जाणार ते डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर सोडत काढतो. यांची सोडत पुढच्या आठवड्यात आहे.

यांना अर्धा गट हवा आहे. ‘बोटं गेली तर मी कोण उरतो?’ असं परवा मला विचारत होते. मला काय हवंय ते माझं मलाच कळत नाही. तुम्ही यांना लिहा, पण रागावून लिहू नका.

तुमची,
वहिनी

९ फेब्रुवारी

बटणा,

वहिनी म्हणाल्या रागावू नका, म्हणून पहिली दोन पत्रं मी फाडून टाकली. हे तिसरंही रागाचंच आहे, पण इस्त्री मारलेलं.

गाठ होती हे सांगितलंस आणि कसली होती ते गिळलंस. वर मी इकडे खिशांची खोली सांगत बसलो आणि तू तिकडे हसत बसलास. वहिनींचं पत्र मी कपडेपटात वाचलं. राजाच्या झग्यावर बसून रडलो, अगदी लहान पोरासारखा. बायका धावत आल्या, त्यांना वाटलं माझा दुसराही कान गेला.

आता माझं ऐक. पूर्ण औषध घे. थेंबही सोडू नकोस. बोटं गेली तर तू कोण, असं विचारतोस? बोटं गेलेला बटण. मला चालतो. वहिनींनाही चालेल, त्यांनी बोटं बघून तुझ्याशी लग्न केलेलं नाही. शिवायला मी आहे, मशीन आहे, जग भरलंय शिंप्यांनी. तू नसलास तर मात्र मी भांडायचं कुणाशी? या वयात नवा माणूस शोधून त्याला माझ्याशी भांडायला शिकवायचं, एवढी ताकद माझ्यात उरलेली नाही.

ट्रायल ट्रायल काय करतोस, अर्धवट शिवलेला कोट घालून कुणी घरी जातं का? सोडतीच्या आधी डॉक्टरीणबाईंना सांग, मला पूर्ण गटात टाका, मित्राचा आग्रह आहे.

तू मला हवा आहेस रे. याच्यापुढे मला काही सुचत नाही.

काज्या

१८ फेब्रुवारी

काज्या,

तुझा आग्रह डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातला. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरला मित्र नसतात.

तुला सांगितलं नाही याचं कारण लिहितो. तू रडशील हे मला माहीत होतं, आणि तू रडलास की मला हसू येतं, आणि त्या दिवसांत मला हसायचं नव्हतं. एवढंच. मग तू ढेरपोट्या पाठवलास आणि माझा सगळा बेत फिसकटला.

सोडतीच्या आधी मी बाईंना सरळ विचारलं, की तुमच्या मते चांगलं कुठलं, पूर्ण की अर्धं? त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. ‘मला माहीत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माहीत असतं तर तुम्हाला सोडतीत उभं करणं पाप झालं असतं.’

मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत आलो, एकदम फिट बसेल साहेब, काळजीच सोडा. आणि ट्रायलला तोंडात टाचण्या धरून मनातल्या मनात म्हणायचो, आता काय होतंय कोण जाणे. माहीत नाही असं तोंडावर सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या सांगतील ते करायचं, हे मी तिथेच ठरवलं.

तर सोडत निघाली. पूर्ण गट. तीन डोस झाले, पाच बाकी. तू जिंकलास. कृपा करून आनंद साजरा करू नकोस. अर्धवट कोट म्हणून मला टोमणा मारलास, पण गरजेपेक्षा जास्त अस्तर घातलेल्या कोटात माणूस हात हलवू शकत नाही, हे तुलाही चांगलं ठाऊक आहे.

येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो. तुझ्या वहिनीने माझी बोटं हातात घेतली होती. मी खाली बघितलं तेव्हा मला ते कळलं.

बटण

२५ फेब्रुवारी

बटणा,

आनंद साजरा केला नाही. दिवसभर वाईट शिवलं. सेनापतीची एक बाही उलटी लागली.

आमच्या थिएटरच्या छताची दुरुस्ती निघाली आहे, मार्चभर प्रयोग बंद. मी येतोय. कोट साचले असतील ते उरकू, आणि तुझ्याबरोबर हॉस्पिटलातही येईन. वहिनींना सांग, माझ्यासाठी काही करू नका, फक्त माझ्या डाव्या बाजूला बसून बोला.

काज्या

८ एप्रिल

बटणा आणि वहिनी,

सुखरूप पोचलो. घर मोठं वाटतंय. तिकडे तुमच्या दुकानात दोन माणसं, दोन इस्त्र्या आणि रोजचं भांडण, इकडे एकट्याला कुणी इस्त्री चुकीची करतोस असंही म्हणत नाही.

काल कपडेपटात सगळ्यांना त्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. तुमच्या त्या वॉर्डात पहिल्या दिवशी मी बघितलं, की सलाइन लावायला एकेकाला एसीच्या थंडीत बाही दंडापर्यंत वर सरकवून बसावं लागतंय. जाड बाही असली तर माणूस अर्धा उघडा. माझा हात थांबेना. तिथेच तुझ्या सदऱ्याची बाही उसवली, तू ओरडत होतास, आणि घरी येऊन तिला मनगटापासून वरपर्यंत काज-बटण लावून दिलं. पुढच्या वेळी नर्सने वरची दोन बटणं सोडली, नळी आत, बाकी हात झाकलेला. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी विचारलं, हा सदरा कुठल्या देशातून आणला? मी म्हणालो, या माणसाच्या गल्लीतून. मग काय, आपण आठवडाभर कोट बाजूला ठेवून लोकांच्या बाह्या उसवत बसलो. आता नर्सबाईंनी मला इथल्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवली आहे, आणखी सदरे हवे आहेत म्हणून. तुमच्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचा मुंढा मात्र खरंच वाईट होता. मी टाचण्या लावल्या ते बरं केलं.

एक गोष्ट तिथे बोललो नाही, इथून लिहितो. त्या सदऱ्यांची बटणं तू लावायचास तेव्हा तुला वाटायचं मी पेपर वाचतोय. मी तुझ्याकडे बघत होतो. सुई पडली की तू टेबलाखाली वाकायचास आणि बराच वेळ वर यायचा नाहीस. पूर्ण औषध घे, बोटं गेली तर गेली, हे इथून लिहायला फार सोपं होतं. तरीही मी अजून तेच म्हणतो. फक्त आता ते म्हणताना तुझं ते टेबलाखाली वाकणं डोळ्यांसमोर येतं.

काज्या

२० एप्रिल

काज्या,

बसला आहेस ना? नसशील तर बस. झग्यावर नको.

परवा सहाव्या डोससाठी गेलो. खुर्चीत बसलो, बाहीची बटणं सोडली, नर्स आलीच नाही. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि स्टूल ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, आज बाटली लावायची नाही. रक्तात काहीतरी सापडलं असणार, दुसरं काय? तुझ्या वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली.

रक्त स्वच्छ होतं, काज्या. बातमी वेगळीच होती. ही ट्रायल पाच वर्षं चालू आहे आणि मी तिच्यात शेपटाकडे घुसलेला. पहिल्या वर्षांत आलेल्या लोकांचे निकाल आता एकत्र केले, बाहेरच्या जाणकारांनी ते तपासले. रक्त स्वच्छ असलेल्या आणि अर्ध्यावर थांबलेल्या माणसांचं पूर्ण औषध घेतलेल्यांइतकंच चांगलं चाललंय. दोन्हीकडे सारखंच. तेव्हा ज्यांचं अर्ध्याच्या वर झालंय त्यांना बाकीचं द्यायचं कारण उरलं नाही.

मला तुझी आठवण झाली, म्हणून तुझ्या वतीने विचारलं, की तरीही मी उरलेले तीन घेतले तर?

‘बोटं जातील,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्या बदल्यात तुम्हाला काही मिळणार नाही.’

मी विचारलं, मग मला पूर्ण गटात टाकलं ते फुकट गेलं का? त्या म्हणाल्या, पूर्ण घेणारे नसते तर अर्धं पुरतं हे कशाशी ताडून बघितलं असतं? हे मला एकदम पटलं. एक खांदा बरोबर बसला की नाही हे दुसरा शेजारी असल्याशिवाय कळत नाही. माझे पाच डोस कामी आले आहेत.

पण घरी आल्यापासून त्या अर्ध्या गटातल्या माणसांचा विचार डोक्यातून जात नाही. अर्ध्या औषधावर उठून घरी गेलेली, दर तपासणीला जीव मुठीत धरून बसलेली, कधी न भेटलेली माणसं. ती पाच वर्षं तशी राहिली म्हणून परवा माझी बाटली लागली नाही. त्यांना एकेक सदरा पाठवावा असं वाटलं, नावं मागितली. नावं देत नाहीत म्हणे. मग मनातल्या मनात सगळ्यांना हात जोडले.

हॉस्पिटलच्या दारात तुझ्या वहिनीने मला मिठी मारली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, भर रस्त्यात ही पहिलीच. मागे रिकामी गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्नही वाजवला नाही.

बटण

२७ एप्रिल

बटणा,

हरलो. मोठ्याने, सगळ्यांसमोर आणि आनंदाने हरलो. तुझं पत्र मी कपडेपटात उभा राहून वाचून दाखवलं. राजाचं काम करणारा नट रडला, आणि तो स्टेजवर मरतानासुद्धा रडत नाही.

मी पूर्ण घे, पूर्ण घे म्हणून तुझ्या मानगुटीवर बसलो होतो. जास्त म्हणजे चांगलं, एवढंच मला कळत होतं. कमी करून बघू या, असं म्हणणारा माणूस आधी कुणीतरी असावा लागतो, आणि त्याला फार धीर लागत असणार. तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि तो कोट पुन्हा दुकानात पाठवायला सांग. टाचण्या कच्च्या आहेत.

बोटांचं लिहिलं नाहीस.

काज्या

३० जून

भाऊजी,

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. पेन निसटतं, आणि निसटलं की चिडतात.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की औषध थांबल्यावरही काही आठवडे बधिरपणा वाढतो. तसंच झालं. मे महिन्यात स्वतःच्या सदऱ्याचं बटणही यांना लावता येईना. बहुतेकांचं हळूहळू परत येतं, सगळ्यांचं येतंच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. हे दुकानात जातात, कापड बेततात, शिलाई बाहेर देतात. गिऱ्हाइकांशी नेहमीसारखे बोलतात. घरी आले की गप्प. जगलो याचा आनंद आहे त्यांना, खोटं सांगत नाही, पण मागच्या आठवड्यात यांनी हातशिलाईच्या सुया डबीत भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या. मला ते बघवलं नाही.

तुम्ही काहीतरी करा. काय, ते मला सुचत नाही.

वहिनी

७ जुलै

बटणा,

पार्सल उघडलं असशीलच. सेनापतीचा अंगरखा आहे. नव्या नाटकात तो पहिल्या अंकात जिंकतो आणि तिसऱ्यात मरतो, त्यामुळे बटणं भरपूर आहेत. सगळी तू लावायचीस. बाहेर द्यायची नाहीत.

वाकडी लागली तरी चालतील. सैल लागली तरी चालतील, मरताना तो ती स्वतःच तोडतो. पहिली रांगसुद्धा स्टेजपासून लांब असते, वाकडं बटण तिथून सरळ दिसतं. तू जन्मभर नाकासमोर धरून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी शिवलंस. आता लांबून बघणाऱ्यांसाठी शिव. घाई नाही, नाटक हिवाळ्यात आहे.

वहिनींना म्हणावं, कपाटाच्या वरच्या फळीवरून डबी तेवढी काढून द्या.

काज्या

३ ऑक्टोबर

काज्या,

अक्षर ओळखलंस का? माझं आहे.

रक्त पुन्हा स्वच्छ आलं. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, आता जानेवारीत भेटू. कॅन्सरच्या डॉक्टरने इतक्या सहज पुढची भेट सांगावी, याचं सुख तुला कसं सांगू. आम्ही दोघं पायीच घरी आलो, वाटेत मी तुझ्या वहिनीला दोनदा तोच कागद वाचायला लावला.

पत्र मात्र त्यासाठी लिहीत नाही.

अंगरख्याची बटणं जुलैपासून लावतोय. लावली, उसवली, परत लावली. तुझा सेनापती पहिल्या महिन्यात फार भिकार दिसत होता. सगळं नजरेने करायचं, सुईवरून डोळा हलवायचा नाही, असं चाललं होतं. काल दुपारी शेवटची दोन उरली होती. तुझ्या वहिनीने आतून काहीतरी विचारलं, मी तिकडे मान वळवून उत्तर दिलं, आणि सुई डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली. मी ओरडलो. आधी ओरडलो आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी ओरडलोय.

ती धावत आली. रक्ताचा थेंब बघून कापूस आणायला वळली. मी तिचा पदर धरून तिला थांबवलं.

‘दुखलं,’ मी म्हणालो.

तिने पदर सोडवून घेतला. मग समोर खुर्ची ओढून बसली, माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हणाली, डोळे मिटा. शाळेत तोंडी परीक्षा घेते ना, अगदी त्याच आवाजात. मी डोळे मिटले. एकेका बोटाच्या टोकाला ती सुई टेकवायची आणि मी सांगायचं, लागली की नाही. डाव्या हाताचा अंगठा लागला. तर्जनी तर विचारूच नको. मधलं लागलं. उजव्या हाताचीही लागली, जरा उशिरा, पण लागली. दोन्ही करंगळ्या अजून रुसून बसल्या आहेत, त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मी हसायला लागलो. हसू नका, नीट सांगा, असं ती म्हणाली आणि पुढच्या बोटाकडे वळली.

दहाही बोटं झाली. मला वाटलं परीक्षा संपली. तर तिने पुन्हा डाव्या अंगठ्यापासून सुरुवात केली. चांगलंच टोचत होतं, काज्या. मी तिला थांबवलं नाही.

बटण